वैयक्तिक मनन कसं करावं: शास्त्रपाठ उघडण्यापासून रात्रीच्या तपासणीपर्यंत

सकाळी अध्याय वाचून होतो, प्रार्थना होते, बायबल कपाटावर परत जातं. दुपारी कुणी विचारलं, "आज काय वाचलं?" तर आठवत नाही. अभ्यासवर्गात ही तक्रार सतत ऐकू येते, आणि ती करणारी माणसं आळशी मुळीच नसतात. वर्षानुवर्षं न चुकता वाचणारे असतात.

गडबड होते ती क्रमात. उतारा वाचला रे वाचला की लगेच "यातून मला काय मिळालं?" या प्रश्नावर उडी मारली जाते. मग वहीत "देवावर भरवसा ठेवावा", "सर्वांवर प्रीती करावी" अशी वाक्यं उतरतात. ती खरी असतात, पण उतारा न वाचताही लिहिता आली असती. वाचणं आणि आयुष्याला लावणं यांच्या मध्ये जे टप्पे आहेत, तेच बहुतेकांचे गळतात.

खाली पूर्ण क्रम दिला आहे. उदाहरणासाठी सगळीकडे एकच उतारा वापरला आहे: लूक १९:१-१०, जक्कय या जकातदाराची, म्हणजे रोमी सत्तेसाठी कर वसूल करणाऱ्याची गोष्ट. बायबल उघडून शेजारी ठेवा आणि मगच पुढे वाचा.

## तयारी

वेळ. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधारातच उठून प्रार्थनेला गेला, म्हणून पहाटेच मनन झालं पाहिजे असं अनेकांनी मनाशी धरलेलं असतं. ते त्या दिवसाचं वर्णन आहे, वेळापत्रक नाही. तुमच्याकडे साडेपाचला नळाला पाणी येत असेल आणि सातच्या आत दोन डबे भरायचे असतील, तर पहाटेचा हट्ट धरून आठवडाभरात सगळंच सुटेल. आपण जागे असतो आणि पंचवीस-तीस मिनिटं कुणी हाक मारत नाही, अशी दिवसातली वेळ शोधा. मुलं शाळेत गेल्यावरची असेल, ऑफिसात इतर लोक यायच्या आधीची असेल. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याला खिडकी मिळाली तर गाडीत वाचणं छान होतं, लिहिणं होत नाही. त्याने गाडीत वाचावं आणि जेवणाच्या सुट्टीत लिहावं. ठरलेली वेळ पहिले दोन आठवडे मात्र बदलू नका.

वही. साधी दोनशे पानी वही पुरे. डाव्या पानावर उताऱ्यात काय आहे ते, उजव्या पानावर माझ्यासाठी काय ते. वर तारीख आणि संदर्भ. ही वही घरात कुणी उघडेल अशी धास्ती असेल, तर तुम्ही तिच्यात खोटं लिहायला लागाल, निदान गुळमुळीत तरी. म्हणून ती कुलपात ठेवा. हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण महिनाभरात कळतो.

बायबल. छापील असेल तर उत्तम. फोनवर वाचणार असाल तर आधी फ्लाइट मोड. नेहमीच्या 'पवित्र शास्त्रा'च्या जोडीला सोप्या मराठीतलं एखादं दुसरं भाषांतर जवळ असू द्या. कॅथलिक घरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' असतं, तेही चालेल. टीकाग्रंथ (बायबलचा अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं), मननाच्या पुस्तिका, यूट्यूबवरचे संदेश हे सगळं चौथ्या टप्प्यापर्यंत बंद. ते वाईट नाहीत, पण आधी उघडले तर आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचतो.

पुस्तकाची निवड. एक पुस्तक घ्या आणि क्रमाने पुढे जा. डोळे मिटून बायबल उघडणं, वचनांच्या डबीतून चिठ्ठी काढणं, व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रासोबत आलेलं वचन, यांतून मनन होत नाही. फार तर सोबत होते. जानेवारीत उत्पत्तीपासून सुरुवात करणाऱ्यांचं काय होतं ते ठाऊकच आहे. उत्पत्तीचे पन्नास अध्याय उत्साहात जातात, निर्गमात निवासमंडपाची मापं सुरू झाली की वेग मंदावतो आणि लेवीयात गाडी थांबते. पहिल्यांदाच पद्धतशीर मनन करत असाल तर मार्क, लूक, फिलिप्पैकरांस पत्र किंवा याकोबाचं पत्र घ्या.

वर्षात संपूर्ण बायबल वाचायचं असेल तर जरूर वाचा, पण ते काम वेगळं समजा. एकूण अध्याय १,१८९, म्हणजे रोज तीन-चार. त्या वेगात ओळख होते, मनन होत नाही.

उताऱ्याचा आकार. एक प्रसंग किंवा विचाराचा एक धागा, साधारण आठ ते पंधरा वचनं. अध्यायांच्या सीमांवर फार विसंबू नका. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. नव्या कराराची आजची वचनविभागणी तर १५५१ मधली आहे. जक्कयाचा प्रसंग अठराव्या अध्यायाच्या शेवटाला घट्ट चिकटलेला आहे, आणि अध्याय बदलल्यामुळे नेमका तोच सांधा वाचकाच्या नजरेतून निसटतो.

> सुरू करण्याआधी पाहा: उतारा काल रात्रीच ठरलेला आहे का? सकाळी "आज काय वाचू?" या शोधातच दहा मिनिटं जातात, म्हणून ते काम आदल्या दिवशी उरकायचं.

## टप्पा १: थांबणे (दोन मिनिटं)

बसा. स्तोत्र ११९:१८ मध्ये डोळे उघडण्याची विनंती आहे. तेवढीच प्रार्थना पुरे. डोक्यात गॅसचा नंबर, शाळेची फी, कालचं भांडण फिरत असेल तर ते एका चिठ्ठीवर लिहून बाजूला ठेवा. दाबून टाकायचा प्रयत्न केला तर ते वाचताना मध्येमध्ये डोकं वर काढतं.

> चूक: इथेच सगळ्यांसाठी विनवणीची प्रार्थना सुरू करणं. वीस मिनिटं त्यात जातात आणि वाचनाला पाच उरतात. विनवणीला जागा आहे, पण सहाव्या टप्प्यात.

## टप्पा २: मोठ्याने वाचणे (पाच मिनिटं)

एकदा नेहमीच्या वेगाने, दुसऱ्यांदा सावकाश. ओठ हलले पाहिजेत. गाडीत असाल तर पुटपुटा.

मग पुस्तक मिटा आणि प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगा, ओट्याशी उभ्या असलेल्या मुलाला सांगावा तसा. जिथे अडखळाल तो भाग तुम्ही वाचलेला नव्हता, फक्त नजर फिरवली होती.

जक्कयाच्या बाबतीत हा प्रयोग फार बोलका ठरतो. संडे स्कूलपासून गोष्ट पाठ, त्यामुळे सगळे धडाधड सांगतात: बुटका होता, झाडावर चढला, येशू घरी गेला, त्याने पैसे परत केले. सातवं वचन जवळपास प्रत्येकाच्या सांगण्यातून गळतं. तिथे सगळे लोक कुरकुर करतात की हा पापी माणसाच्या घरी उतरायला गेला. ओळखीचा उतारा नव्या उताऱ्यापेक्षा अवघड असतो, तो यामुळे.

## टप्पा ३: पाहणे (दहा मिनिटं)

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. नियम एकच: उताऱ्यात जे आहे तेवढंच लिहायचं. अर्थ नको, उपदेश नको, भावना नको. प्रत्येक नोंदीपुढे वचनाचा आकडा.

काय शोधायचं? कोण आहे, कुठे आहे, कोण आधी बोलतो, कोण गप्प आहे, कोणता शब्द पुन्हा येतो, कुठे अपेक्षेच्या उलट घडतं. जक्कयाच्या उताऱ्याचं डावं पान साधारण असं दिसेल:

- यरीहो. येशू तिथून पुढे चालला आहे. (१)
- जक्कय मुख्य जकातदार आणि श्रीमंत. (२)
- येशू कोण आहे हे त्याला पाहायचं आहे. अडचणी दोन: गर्दी आणि ठेंगणेपणा. (३)
- पुढे धावत जातो, उंबरावर चढतो. एवढा पैसेवाला माणूस, भर रस्त्यात. (४)
- येशू थांबतो, वर पाहतो, नावाने हाक मारतो. जक्कयाने काहीही मागितलेलं नाही. (५)
- घाई: येशू त्वरा कर म्हणतो, तो त्वरेने उतरतो. (५, ६)
- आनंद जक्कयाला. कुरकुर बाकी सगळ्यांना. (६, ७)
- जक्कय उभा राहून बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवून घेतलेलं चौपट परत. (८)
- पैशांचा विषय येशूने काढलेलाच नाही. (५-१०)
- 'आज' दोनदा. (५, ९)
- शेवटी हरवलेलं शोधण्याची आणि तारण्याची गोष्ट. (१०)

आता पाचवं आणि आठवं वचन शेजारी ठेवा. आपण गोष्ट सांगतो ती अशी: जक्कय सुधारला, म्हणून येशू त्याच्या घरी गेला. उताऱ्यातला क्रम उलटा आहे. घरी येतो हे आधी जाहीर झालं, तेही भर गर्दीत. परतफेड नंतर आली, आणि ती मागायला कुणी गेलं नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या सगळ्या पानाचा सूर बदलतो. "आधी मी नीट वागेन, मग देव जवळ करील" असं मनात धरून जगणाऱ्याला हा उतारा तिथल्या तिथे अडवतो. पण हे पाहायला दहा मिनिटं लागतात, दोन मिनिटांत दिसत नाही.

> चूक: डाव्या पानावर "येशू प्रेमळ आहे" असं लिहिणं. खरं आहे, पण कोणत्या वचनावरून? आकडा घालता येत नसेल तर खोडा.

> पुढे जाण्याआधी पाहा: निदान आठ नोंदी झाल्या का? त्यांतली एक तरी आज पहिल्यांदाच लक्षात आलेली आहे का? नसेल तर उतारा पुन्हा एकदा मोठ्याने वाचा.

## टप्पा ४: आजूबाजूला पाहणे

उताऱ्याच्या मागचा आणि पुढचा भाग चाळा. तीन प्रश्न: हे कोण बोलतंय? कुणाला? याच्या आधी काय घडलं?

लूक १८:१८-३० मध्ये एक श्रीमंत अधिकारी येतो. असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे, असं येशू त्याला सांगतो. तो खिन्न होतो. श्रीमंताचा प्रवेश किती कठीण हे उंटाच्या आणि सुईच्या उदाहरणाने सांगितलं जातं, आणि ऐकणारे हादरून विचारतात, मग कुणाचं तारण होणार? मग यरीहोजवळ आंधळा भिकारी हाका मारतो आणि पुढे चालणारे त्याला गप्प करू पाहतात. त्याच्यानंतर लगेच जक्कय: पुन्हा एक श्रीमंत, पुन्हा आडवी येणारी गर्दी. 'मग कुणाचं?' या प्रश्नाचं उत्तर लूकने वीसेक वचनांच्या अंतरावर झाडावर बसवून ठेवलं आहे. आणखी एक गंमत पाहा: जक्कय अर्धंच देतो, सगळं नाही, आणि येशू उरलेलं मागत नाही. १८:२२ ची आज्ञा प्रत्येक माणसाला जशीच्या तशी लावणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

'चौपट' हा आकडाही मागून आलेला आहे. फसवून घेतलेल्या वस्तूबद्दल कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं लेवीय ६ आणि गणना ५ मध्ये आहे. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर एकाची चार, हे निर्गम २२:१ मध्ये. मुद्दलावर पाचवा हिस्सा देऊन सुटता आलं असतं. जक्कयाने स्वतःला चोराचं माप लावून घेतलं.

टीकाग्रंथ आता उघडा. आता तुमच्याकडे विचारायला प्रश्न आहेत.

हा टप्पा गाळल्याने होणारे घोटाळे आपल्या घरांच्या भिंतींवर टांगलेले असतात. तीन नेहमीचे:

यिर्मया २९:११. हिताचे संकल्प, अनिष्टाचे नव्हेत. बारावीच्या निकालाआधी, व्हिसाच्या मुलाखतीआधी हे वचन हमखास पाठवलं जातं. ते बाबेलात नेलेल्या कैद्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच पत्रात, वर चार-सहा ओळींत, तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित पाहा असं सांगितलं आहे, आणि दहाव्या वचनात मुदत आहे सत्तर वर्षांची. म्हणजे ऐकणाऱ्यांतले पुष्कळ जण परत जाणार नव्हते. 'दोन वर्षांत सगळं ठीक होईल' असं सांगणारा संदेष्टा हनन्या आदल्याच अध्यायात आहे, आणि तो खोटा ठरतो. हे वचन आजही धीर देतं, पण लांब पल्ल्याचा; निकालाच्या दिवसापुरता नाही.

ईयोब ८:७. आरंभ अल्प असला तरी शेवट मोठा होईल. दुकानाच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर हे छापलेलं असतं. बोलतोय बिल्दद हा मित्र, मुलं गमावलेल्या ईयोबाला, आणि तेही 'तुझ्या मुलांनी पाप केलं असेल' हे सुचवून झाल्यावर. ४२:७ मध्ये देव या मित्रांवर रागावून म्हणतो की यांनी माझ्याविषयी योग्य ते सांगितलं नाही. ज्याला शेवटी देवाने खोडून काढलं त्याचं वाक्य आपण चौकटीत लावतो.

फिलिप्पै ४:१३. सर्वकाही करण्यास शक्तिमान. क्रिकेटच्या सामन्याआधी चालतं. अकरावं-बारावं वचन वाचा: पत्राचा लेखक पौल कैदेतून लिहितोय, आणि विषय आहे भूक सोसण्याचा, तसाच विपुलतेत राहण्याचा. जिंकण्याचा नाही.

> इशारा: बायबलमधलं प्रत्येक वाक्य देवाचं आश्वासन नसतं. काही वाक्यं फारोची आहेत, काही सैतानाची, काही चुकीच्या मित्रांची. बोलणारा कोण, हे पानावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: एक वाक्य

डाव्या पानाच्या तळाशी एकच वाक्य लिहा: हा उतारा देवाविषयी काय दाखवतो आणि माणसाविषयी काय. देव आधी. जक्कयाबद्दल असं होईल: "ज्याच्याकडे पाहून गाव तोंड फिरवतं त्याच्याकडे येशू स्वतःहून जातो, आणि असं कुणी आपल्या घरी आलं की माणसाची पैशावरची मूठ सैल होते." दोन वाक्यं लागत असतील तर बहुधा उतारा मोठा घेतला आहे.

## टप्पा ६: उत्तर देणे

आता प्रार्थना. उताऱ्यातले शब्द वापरा. उपमांची रास लागत नाही. आभार, कबुली, मागणं, गप्प बसणं, यांपैकी उतारा ज्याकडे नेतो तेच. कधी मनात नुसता राग किंवा कोरडेपणा असतो. तेव्हा गोड शब्द जुळवत बसू नका. स्तोत्र १३ 'किती काळ?' या प्रश्नाने सुरू होतं, आणि ८८ वं तर अंधारातच संपतं. तीही शास्त्रातलीच प्रार्थना आहे.

विनवणीची यादी इथे.

## टप्पा ७: आयुष्याला लावणे

उजवं पान. बहुतेक जण इथे पोचतात, पण इथेच घसरतात, आणि घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा: वचन दुसऱ्याला लागू पडतं. "हे आमच्या यांनी वाचायला हवं." उजव्या पानावरच्या वाक्याचा कर्ता 'मी' नसेल तर ते पान फाडा.

दुसरी: निर्णय नुसता धार्मिक. "जास्त प्रार्थना करीन, उपासना चुकवणार नाही." जक्कय मंदिराबद्दल अवाक्षर काढत नाही, तो हिशेब काढतो. तुमच्या उजव्या पानांवर महिनाभर पैसा, वेळ, जीभ, शेजारी, हाताखालची माणसं यांपैकी काहीच आलं नसेल, तर पद्धतीत काहीतरी चुकतं आहे.

तिसरी: निर्णय इतका मोठा की कधीच सुरू होत नाही.

चांगल्या निर्णयात चार गोष्टी असतात: नेमकी व्यक्ती किंवा जागा, नेमकी कृती, वेळ, आणि कृती माझ्या हातातली. 'सासूबाई माझ्याशी नीट वागतील' हे माझ्या हातात नाही; 'आत्या, दवाखान्यात मी येते तुमच्यासोबत' हे आहे. फरक पाहा:

*कच्चा:* मी उदार आणि प्रामाणिक होईन.

*पक्का:* खोली सोडून गेलेल्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून मी रंगकामाचे म्हणून ४,००० रुपये कापले. रंग दिलाच नाही. शनिवारी दुपारपर्यंत ते पूर्ण पैसे त्याला पाठवीन आणि फोन करून सांगीन की कापायला नको होते.

अशी परतफेड करताना रक्कम नेमकी सांगा. "पण त्या वेळी आमचीही अडचण होती" ही पुस्ती जोडू नका, ती निम्मे पैसे परत घेते. "आज वचनात वाचलं म्हणून" हेही समोरच्याला ऐकवू नका. त्याने तुमच्या भक्तीचं कौतुक करावं असा सूर लागतो. तो रागावून बोलला तर ऐकून घ्या. ती व्यक्ती हयात नसेल तर वारसांना द्या. तेही नसतील तर काय, याची सोय गणना ५:८ मध्ये आहे: ते देवाच्या कामाला जातं. तुमच्याकडे राहत नाही.

गोष्टीत आपण कोण आहोत, हेही दर वेळी तपासा. सगळे स्वतःला जक्कय समजतात. पण वर्षानुवर्षं मंडळीत पहिल्या बाकावर बसणारे आपण पुष्कळदा सातव्या वचनातले असतो. मग उजव्या पानावर असं काही येईल: "महिला संघात जिच्याबद्दल सगळ्या कुजबुजतात, तिच्याकडे बुधवारी चहाला जाईन. एकटी जाईन. माहिती काढायला जाणार नाही."

एका दिवसाला एकच निर्णय. आणि काही उतारे कृती मागतच नाहीत, फक्त आभार मानायला किंवा एखादं वचन पाठ करायला लावतात. तिथे ओढूनताणून कृती काढू नका.

> इशारा, नीट वाचा: घरात मारहाण होत असेल, धमक्या मिळत असतील, तर 'सहन करा', 'क्षमा करा', 'अधीन राहा' ही वचनं स्वतःला लावून तिथे थांबू नका, कुणी तसा सल्ला दिला तरी मानू नका. क्षमा करणं आणि धोक्यात परत जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भरवशाच्या माणसाला सांगा. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१, तातडीच्या वेळी ११२. तसंच, मननात एखादं वचन 'मिळालं' म्हणून चालू औषध बंद करू नका.

> इशारा: लग्न, नोकरी सोडणं, जमीन विकणं, मोठं कर्ज हे निर्णय एका सकाळच्या वचनावर नकोत. वहीत लिहा, काही आठवडे जाऊ द्या, आणि पाळकसाहेबांना किंवा तुमच्याशी हांजी हांजी न करणाऱ्या दोन माणसांना विचारा.

## टप्पा ८: दिवसभर नेणे, रात्री तपासणे

उताऱ्यातला तीन-चार शब्दांचा एक तुकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. "आज तुझ्या घरी." रांगेत, सिग्नलला, कुकरच्या शिट्ट्या मोजताना तो मनात म्हणा.

रात्री दोन मिनिटं. उजव्या पानावर फक्त एक शब्द: झालं, अर्धं, नाही. 'नाही' असेल तर दुसऱ्या दिवशी नवा निर्णय चढवू नका. तोच पुढे न्या. न केलेल्या निर्णयांचा ढीग झाला की माणूस वहीच उघडेनासा होतो. याकोब १:२२-२५ मधला आरशात तोंड पाहून विसरणारा माणूस हाच: पाहिलं बरोबर, पुढे काही केलं नाही.

रविवारी नवा उतारा घेऊ नका. आठवड्याची पानं सलग वाचा. एकाच माणसाचं नाव तीन वेगवेगळ्या उताऱ्यांखाली आलेलं असेल, तर पुढच्या आठवड्याचं काम तिथे आहे. शक्य असेल तर एका, फक्त एका माणसाला महिन्यातून एकदा उजवी पानं वाचून दाखवा.

## उतारा गोष्ट नसेल तर

क्रम तोच, तिसऱ्या टप्प्यातले प्रश्न बदलतात.

पत्र असेल तर आधी ते एका बैठकीत अथपासून इतिपर्यंत वाचा. फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचं आहे, पंधरा मिनिटांत होतं. मग 'म्हणून', 'परंतु', 'कारण' हे जोडशब्द टिपा. स्तोत्रात सूर कुठल्या वचनावर बदलतो ते पाहा. नियमशास्त्रात हा नियम कुणाला वाचवतो, हे विचारा.

नीतिसूत्रं हमी म्हणून वाचू नका. २६:४ सांगतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, २६:५ सांगतं दे. दोन्ही शेजारी शेजारी, मुद्दाम. आज समोर कोण आहे हे पाहून ठरवायचं आहे. ते ठरवणं हेच तिथलं मनन.

## खंड पडला तर

थकबाकी भरू नका. तीन दिवस सुटले म्हणून चौथ्या दिवशी चार उतारे ओढायचे, हा वाचन बंद पाडायचा खात्रीचा मार्ग आहे. जिथे राहिलं होतं तिथून पुढचा एक उतारा घ्या. पाहुणे आहेत, परीक्षा आहे, घरात आजारपण आहे, आणि दहाच मिनिटं मिळाली, तर दुसरा आणि तिसरा टप्पा करा. पाच मिळाली तर कालचं पान पुन्हा वाचा.

## पहिल्या आठवड्याचे उतारे

सोमवार: लूक १८:१-८, विधवा आणि न्यायाधीश. मंगळवार: १८:९-१४, परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) आणि जकातदार. बुधवार: १८:१५-१७. गुरुवार: १८:१८-३०. शुक्रवार: १८:३१-४३. शनिवार: १९:१-१०, वर दिलेलं डावं पान न पाहता. रविवार: फक्त वही.

सोमवारी आणि मंगळवारी तिसऱ्या टप्प्यात एक गोष्ट आधी शोधा: दाखला कशासाठी किंवा कुणाला उद्देशून सांगितला, हे लूकने दोन्हीकडे पहिल्याच वचनात लिहून ठेवलं आहे. आणि मंगळवारच्या दाखल्यात मागे दूर उभा राहिलेल्या माणसाचा धंदा कोणता ते टिपून ठेवा. शनिवारी उपयोगी पडेल.